परड्यातला बार

आमच्या घरात पहाटे पहिला आवाज व्हायचा तो आण्णांच्या खाकरण्याचा. मग म्हशीच्या साखळीचा, मग चुलीवरच्या तव्याचा, आणि मग आईच्या भाकरी थापण्याचा. आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत हवालदार होते, आणि त्यातही पीटी उस्ताद, म्हणजे नव्या रंगरुटांकडून व्यायाम आणि कवायत करून घेणारे. पेन्शन घेऊन गावी आले तरी गाव त्यांना उस्तादच म्हणायचं. फलटणच्या बाजूला आमचं गाव, चारी अंगांनी ऊस. पहाटे खाकरून झालं की आण्णा परड्यात जाऊन जोर मारायचे आणि तिथूनच दीपकला आणि मला हिंदीत हाका घालायचे. दीपक माझा थोरला भाऊ. आम्ही दोघं गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायचो. त्या आवाजाचा तेव्हा फार राग यायचा. पण ज्या वर्षाबद्दल लिहायला बसलेय, त्या वर्षी तो आवाजच बंद झाला, आणि पहाटे जाग आली की घर कसं मुकं वाटायचं.

झालं असं, की कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉलीतून उसाची मोळी रस्त्यावर पडली होती आणि संधिप्रकाशात आण्णांची मोटरसायकल तिच्यावरून घसरली. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. साताऱ्याला ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, हात गळ्यात आला. पुढं हात गळ्यातून निघाला, हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, पण हात काही वर जाईना. छातीपर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. घास तोंडाशी न्यायला आण्णांना मान खाली घालावी लागायची. सदरा घालायचा तर आईनं बाही धरायची. म्हणून त्यांनी सदरा घालणंच सोडलं. दिवसभर बंडीवर सोप्यातल्या बाजेवर बसून राहायचे. बाहेर पडलं की माणसं "रामराम उस्ताद" म्हणणार आणि हात उचलावा लागणार, म्हणून ते बाहेर पडेनात. आई त्यांच्या आवडीचं हुलग्याचं माडगं करायची, वर लसणाची फोडणी द्यायची, सगळ्या घरभर वास सुटायचा. आण्णा वाटी तोंडाला लावायचे आणि निम्मी तशीच ठेवायचे.

साताऱ्याला हाताचा व्यायाम घेणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. आई आणि मी आण्णांना घेऊन गेलो. बाईंनी हात धरून वर नेला, तेव्हा आण्णांच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की बाहेरच्या बाकावरची माणसं वाकून बघायला लागली. शेजारच्या पलंगावर एक शाळकरी मुलगी ओठ दाबून तोच व्यायाम करत होती. आण्णांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. बाई मला म्हणाल्या, "हाड चांगलं आहे, पण खांदा आखडलाय. रोज हलवला नाही तर असाच राहील. घरी डोक्यावर एखादी आडवी दांडी असली तर तिला कप्पी लावा आणि दोरी ओवा. चांगल्या हातानं ओढायचं, म्हणजे दुखरा हात वर जातो. पुढं ताकद आली की तीच दांडी दोन्ही हातांनी धरून, पाय जमिनीवर ठेवून, अंग थोडं थोडं सोडायचं." आण्णा म्हणाले, "ठीक है डॉक्टर साब." आणि परत कधी तिकडं गेले नाहीत. आईनं सोप्याच्या तुळईला कप्पी बांधली, ती त्यांनी त्याच दिवशी सोडून कोपऱ्यात टाकली. "मला दावं लावू नगो," एवढंच बोलले.

आई गोठ्यात शेण भरता भरता मला म्हणाली, "राजे, ह्या मानसाला औषध म्हनून काय दिलं की ते थुकून टाकनार. दुसऱ्याची चूक दाखव, मग बग कसा पळत येतोय." माझी आई शाळेत फारशी गेली नव्हती आणि फौजेत तर नव्हतीच, पण उस्तादाला ती माझ्या जन्माआधीपासून ओळखत होती. माझ्या डोक्यात तिथंच काहीतरी पेटलं.

रात्रीच्या जेवणाला भाकरी, पिठलं आणि खर्डा होता. मी ताटाकडं बघतच म्हणाले, "आण्णा, मी पोलीस भरती द्यायची म्हनते."

आण्णांचा घास थांबला. "तू? तुला सायकलीवर ओढ्याचा चढ चढवंना."

"म्हनून तर. भरतीत गोळाफेक असती. खांद्यात दम पायजे. दीपक मला परड्यात बार करून देनार हाय, लोंबकळायला."

दीपकला जोराचा ठसका लागला. तो आयटीआयला वेल्डर ट्रेड शिकत होता खरा, पण आपण बार करून देणार आहोत हे त्याला त्याच क्षणी कळत होतं. आईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला आणि त्याच्याकडं असं बघितलं की तो "व्हय, व्हय" म्हणाला. त्या रात्री आण्णांचं ताट स्वच्छ झालं.

आमच्या कुंपणाला जुन्या बोअरचे पाइप पडून होते. दीपकनं त्यातले दोन उभ्या खांबांसाठी निवडले. दुसऱ्या दिवशी आम्ही पहारीनं खड्डे खणायला घेतले. आम्हाला दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळं चूक करायची आणि दाखवायची असं ठरवायची गरजच पडली नाही. सोप्यातून आवाज आला, "खड्डा किती खोल?"

"दीड फूट," दीपक म्हणाला.

"दीड फुटात कोथिंबीर लाव." मग पुन्हा, "अडीच पायजे. आनि खाली रुंद, वर अरुंद. न्हायतर पहिल्या झोक्याला मुळासकट हातात यील."

आई चुलीपुढं पाठमोरी बसली होती. तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती हसतेय.

दीपक खांबांवर आडवा टाकायला तसलाच जाड पाइप घेऊन आला, तेव्हा मात्र आण्णांना बाजेवर बसवेना. बंडीवरच ते परड्यात आले. मला म्हणाले, "धर. अंगठा बोटाला मिळतोय का?" मिळत नव्हता. "मग धरायचं कसं? ही बीम हाय का बैलाच्या मानंवरचं जू? सव्वा इंची आन." फौजेत बारला बीम म्हणतात, आणि त्यावर एकदा हनुवटी वर नेली की तोही एक बीमच. असला पाइप एसटी स्टँडजवळच्या ग्रिलवाल्याकडं मिळणार होता, आणि दीपक पुन्हा चुकीचा आणणार याची आण्णांना खात्री होती. त्यांनी सोप्यातल्या खुंटीवरच्या सदऱ्याकडं पाहिलं. मी पटकन सदरा काढून त्यांच्या उजव्या हातात बाही चढवली. अपघातानंतर पहिल्यांदा ते रस्त्यानं चालत गेले, डावा हात उचलून रामराम घेत. येताना पाइप दीपकच्या खांद्यावर होता आणि आण्णा त्याला पावलं मिळवायला लावत होते.

पुढचे दोन-तीन दिवस आमच्या घरी लग्न असल्यासारखी धावपळ होती. बार माझ्या उंचीच्या मापानं लावायचा, मी टाचा उचलून हात वर केला की बोटं नुसती टेकली पाहिजेत, असं आण्णांनी ठरवलं. गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी पाण्यानं भरून दोन्ही खड्ड्यांच्या तळाची पातळी बघितली. दीपकनं त्याच ग्रिलवाल्याकडं नेऊन वेल्डिंग केलं, ते आण्णांनी हातोडीनं ठोकून तपासलं आणि एका बाजूला पुन्हा करायला लावलं. खडी, वाळू, सिमेंट आईनं आणि मी कालवलं. खांब उभे राहिले, त्यांच्या बुडाशी ओली गोणपाटं गुंडाळली, आणि पहाटे उठून त्यांवर पाणी मारायचं काम आण्णांनी स्वतःकडं घेतलं. त्यासाठी उठले की ते खाकरायचे. मी गोधडीत पडून तो आवाज ऐकायचे आणि मुद्दाम उठायचे नाही.

शेजारच्या हौसाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "उस्तादानं परड्यात बार काढलाय म्हनं! आमच्या मालकास्नी सांगू नका बरं का, उद्यापास्नं हितंच बसतील." गावभर तो विनोद फिरला. पण बार पक्का झाला, आणि मी पहिल्यांदा लटकले, तेव्हा हसण्यासारखं दुसरंच होतं. तळहात जळले, खांदे कानापर्यंत वर आले आणि मी पिकल्या सीताफळासारखी खाली पडले. आण्णा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सुरुवात झाली." त्यांनी मला स्टूल दिलं. स्टुलावरून उडी मारून हनुवटी वर न्यायची आणि मग जमेल तितकं हळू खाली यायचं. "वर जायची घाई करू नगो. खाली येताना कंजुषी कर," म्हणायचे. आता सांगलीत आमच्या गच्चीवर मी व्यायामाची जागा केलीय. पत्रा टाकलाय, बार आहे, कॉलनीतल्या दोघी-तिघी येतात. त्यांना मी हेच वाक्य सांगते, आणि दर वेळी मला ते माझ्याच तोंडून जरा उसनं वाटतं.

मग आण्णा परड्यात असताना मी डॉक्टरीणबाईंना फोन करून भरतीची युक्ती सांगितली. त्यानंतर हळूच विहिरीवरची लहान कप्पी आणली आणि बारला अडकवून दोरी ओवली. "खांदे मोकळे करायला," म्हणाले. मी इतकी वाकडीतिकडी ओढत होते की आण्णांनी दोरी हातातून घेतली. "अशी न्हाई, अशी." डाव्या हातानं ओढलं, उजवा वर निघाला. त्यांचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला, पण त्यांनी हात खाली घेतला नाही, कारण शिकवणारा मधेच सोडत नसतो. त्या दिवसापासून मी कॉलेजला जायला निघाले की मागून परड्यातून कप्पीची कुईकुई यायला लागली. मी आईला म्हणाले, "तेल घालू का गं तिला?" आई म्हणाली, "हात लावशील तर बग. ती वाजतीया तवर मला कळतंय."

एक दिवस मी कॉलेजातून आले तर बारला दोरी नव्हती. म्हैस त्या दोरीनं बांधलेली होती. आण्णा बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसले होते. घरात एकच मोबाइल होता, तो त्यांनी डाव्या हातात धरला होता.

"डॉक्टरीणबाईचा फोन आला हुता," ते म्हणाले. "इचारत हुत्या, मुलीची युक्ती चालली का."

मी दारातच उभी राहिले. आण्णा वळले. "मी काय बैल हाय? पेंढी दावून न्यायचा? सगळ्या घरानं मिळून? ह्यो दीपक बी? त्यापेक्षा तोंडावर सांगायचं, की बाबा, तू लुळा हायस."

"कुनी लुळं म्हनलं न्हाई तुमाला," आई आतून म्हणाली.

"गप ऱ्हा."

आईनं भाकरी अशी थापली की परातीचा आवाज हौसाकाकूंच्या घरी गेला असेल. त्यानंतर पहाटेचं खाकरणं पुन्हा थांबलं. कप्पी वाजेना. सदरा खुंटीला गेला. मला वाटलं, आपण त्यांना होते त्याच्याही मागं ढकललं. हात तर राहिलाच, आता आमच्यावरचा विश्वासही गेला.

मी मात्र बारवर जातच राहिले. आधी वाटलं होतं, आपण लटकलो की त्यांना राहवणार नाही. त्यांना राहवत होतं. ते बघतही नव्हते. मग एका सकाळी माझ्या ध्यानात आलं की मी सोप्याकडं बघणं कधीच सोडलंय. तळहाताला घट्टे पडले होते, दंड भरले होते, पाण्यानं भरलेल्या घागरीचं आता उचलताना वजन लागत नव्हतं. स्टुलाशिवाय वर जाताना कोपरं निम्मी वाकायची आणि तिथं अडकायची, आणि त्या निम्म्याचा मला राग यायचा. लहानपणापासून मी हुशार, शांत, अभ्यासू वगैरे होते. अंगानं काही जिंकावं असं मला तोवर कधी वाटलंच नव्हतं. खोटं बोलून उभा केलेला तो बार आता मला खरोखर पाहिजे होता.

त्याच आठवड्यात कधीतरी मी लटकून पाय झाडत होते, आणि सोप्यातून अचानक आवाज फुटला, "पाय हलवू नगो! ढीला मत पड!" त्यांच्याही तोंडून तो अनवधानानं निघाला असावा. मी खाली उतरले आणि सरळ बाजेपुढं जाऊन उभी राहिले.

"आण्णा, फसवलं मी तुमाला. भरती-बिरती काय न्हवतं. पर आता मला एक बीम काढायचाच हाय. एकच. खराखुरा."

"न्हाई जमायचं."

"तुमचा हात सरळ वर जाऊन कानाला टेकायच्या आधी जमंल."

आईचा तव्यावरचा हात थांबला. आण्णा माझ्याकडं बघत राहिले. फौजेत त्यांच्याशी असं कोणी बोललं नसेल, घरात तर नाहीच.

"पैज?" ते म्हणाले.

"पैज."

"मी जिकलो तर भरतीचा फॉर्म खरंच भरायचा."

"आनि मी जिकले तर तुमी साताऱ्याला जायचं आनि डॉक्टरीणबाईस्नी सांगायचं, की तुमचं बरुबर हुतं."

आण्णा उठले, गोठ्यात गेले आणि म्हशीची दोरी सोडायला लागले. म्हैस मोकळी होऊन परसातल्या मेथीत शिरली, तिला हाकलत आई बराच वेळ दोघांनाही शिव्या देत होती. इतक्या आनंदानं दिलेल्या शिव्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

मग थंडी पडली. कारखान्याचा हंगाम जोरात होता, उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं जायचे आणि त्या गाण्यांवर आण्णा माझी मोजदाद करायचे. आई रात्री हरभरे भिजत घालायची, सकाळी मूठभर मला, मूठभर आण्णांना, वर गुळाचा खडा. माझ्या घट्ट्यांना लोणी चोळायची आणि म्हणायची, "नवऱ्या मुलाला हात दावू नगो, पळून जाईल." आण्णा कप्पीवरून बारवर आले. पाय जमिनीवर ठेवून, दोन्ही हातांनी बार धरून ते हळूहळू अंग सोडायचे, आणि ओरडायचे. आता लपवत नव्हते. हात हनुवटीच्या वर गेला, डोळ्यांपर्यंत गेला, कानशिलाच्या जवळ आला आणि तिथं येऊन थांबला. माझंही नाक बारला लागलं आणि हनुवटी खाली राहिली. दोघंही अडलो. माझं एक वेळ ठीक होतं, पण रोज सकाळी त्यांचा तो हात कानशिलापाशी थरथरून खाली येताना बघितला की मी तोंड फिरवून म्हशीला वैरण टाकायला जायचे. देवापुढं उभी राहिले की मी त्यांच्या हातासाठी मागायचे, बीमसाठी नाही. पैज हरायला मी तयार होते.

शिवरात्रीच्या सुमाराची सकाळ होती. बारवर दव होतं. मी ओढणीनं तो पुसला आणि लटकले. आण्णा समोर उभे होते. "श्वास घे. कोपरं खाली दाब. बार तुझ्याकडं यील," म्हणाले. निम्म्यावर आले, तिथं नेहमीसारखी अडकले, आणि मग कुठूनतरी पाठीतून एक जोर आला, ज्याची मला तोवर ओळखच नव्हती. नाक गेलं, ओठ गेले, हनुवटी वर आली. वरून मला कुंपणापलीकडं दिसलं. हौसाकाकूंचा ऊस तुटून गेला होता आणि पार रस्त्यापर्यंत रान मोकळं होतं. मी खाली येताना कंजुषी केली.

"एक," आण्णा म्हणाले. "तू जिकलीस." आणि त्यांनी उजवा हात उचलला. कुठंही न अडता, न थरथरता, सरळ वर, दंड कानाला टेकलेला.

मागून आई म्हणाली, "संक्रांतीपास्नं टेकतोय त्यो. न्हानीत दोनी हातांनी डोकं चोळत्यात. मला म्हनले, राजीला बोलू नगो."

मला रडूही आलं आणि संतापही. "मी हितं रोज तुमच्या हातापायी झुरत हुते! आनि तुमी थरथर करून दावत हुता?"

"उस्ताद आधी जिकला की रंगरूट बसून घेतो," आण्णा म्हणाले. "असले लय बघितल्यात मी. तुला बसू द्यायची न्हवती." मग म्हणाले, "आनि फसवायचं काय तुमालाच येतं व्हय?"

पैज हरल्याप्रमाणं ते साताऱ्याला गेले. सदरा स्वतः घातला, बटणं स्वतः लावली, मला बरोबर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला सांगितलं, त्यांनी केला. बाईंनी खांद्यावर बोटं ठेवून सगळीकडून तपासलं आणि हसल्या. आण्णा ताठ उभे राहून म्हणाले, "मॅडम, तुमचं बरुबर हुतं. माझं चुकलं." एवढं बोलायला त्यांना पहिला बीम काढण्याइतकेच कष्ट पडले असावेत. बाई माझ्याकडं वळल्या. "आणि ही? हिला भरतीला पाठवणार म्हणे?"

"ते तिचं ती ठरवंल," आण्णा म्हणाले. "पर तिला दोन बीम येत्यात."

मला तेव्हा एकच येत होता. गावी परतल्यावर आठवडाभर पहाटे कोणी हाक मारायच्या आधी उठले, आणि त्यांनी बाईंना सांगितलेलं खोटं ठरू नये म्हणून दुसरा काढला.